घरची फळांची वाइन आणि तिच्या बाटल्यांची मांडणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फळांची वाइन घरी करून पाहणाऱ्यांचे प्रश्न बरणीपाशी सुरू होतात आणि बहुधा बरणीपाशीच संपतात. फळ कोणतं, साखर किती, दिवस किती. भरलेल्या बाटल्या कुठे ठेवायच्या हे फारसं कुणी विचारत नाही. मी पाहिलेली सगळ्यात जास्त वाइन मात्र तिथेच बिघडली: ओट्याखाली, फ्रिजवर, खिडकीच्या कट्ट्यावर. म्हणून इथे वाइन करणं आणि बाटल्या ठेवायची मांडणी (लाकडी रॅक) बनवणं, ही दोन्ही कामं एकत्र घेतली आहेत. मापं सगळीकडे ५ लिटरच्या एका घाण्याची आहेत.

आधी काय करू, वाइन की मांडणी?

मांडणी. निदान तिची जागा तरी आधी ठरवा. फळांची वाइन तिसऱ्या महिन्यात प्यायला येते, पण तेव्हा ती कोवळी असते; जिभेला टोचते आणि फळापेक्षा यीस्टची चव जास्त लागते. सहा महिने ते वर्षभरात ती गोलाई धरते. एवढा वेळ तिला द्यायचा तर बाटल्या पायात येणार नाहीत आणि रोज डोळ्यांसमोरही राहणार नाहीत अशी जागा हवी. जागा नसली की बाटल्या इकडून तिकडे सरकवल्या जातात, तापतात, हलतात, आणि शेवटी ‘अडचण नको’ म्हणून लवकर उघडल्या जातात.

घरी वाइन करणं कायद्यात बसतं का?

हे जागोजागी वेगळं आहे. कुठे स्वतःपुरती करायला मोकळीक असते, कुठे परवाना लागतो, कुठे पूर्ण मनाई असते. साहित्य आणण्याआधी आपल्या भागाचा नियम बघा. विक्रीचा विचार वेगळाच, त्याचा इथे संबंध नाही. आणि वाइन उकळून तिचा अर्क काढणं हे वाइन करणं नव्हे. ते बहुतेक देशांत घरी करायला बंदी आहे आणि धोक्याचंही आहे.

आंबताना आत नक्की काय घडतं?

यीस्ट हा एकपेशीय सजीव. तो साखर खातो आणि त्यातून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. हे काम जिवंत यीस्टचं आहे, नुसती रासायनिक कुजण नाही, हे लुई पाश्चर यांनी १८५७ पासूनच्या त्यांच्या प्रयोगांतून दाखवलं. त्याआधी हजारो वर्षं माणूस वाइन करत होता, पण ती कोण करतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

हिशेब सोपा आहे. एका लिटरमागे साधारण १७ ते १८ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का अल्कोहोल होतं. १ किलो साखरेतून सुमारे अर्धा किलो वायू निघतो, म्हणजे अडीचशे लिटरहून जास्त. घट्ट झाकणाची बरणी का फुटते याचं उत्तर या आकड्यात आहे. बरण्या बऱ्याच असतील तर खोलीत हवा खेळती ठेवा. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि बंद, खोलगट जागेत तळाशी साचतो.

पहिल्यांदा कोणतं फळ घेऊ?

जे तुमच्याकडे पूर्ण पिकलेलं आणि भरपूर मिळतं ते. कच्चं फळ साखर घालून सुधारत नाही. किंचित जास्त पिकलेलं चालतं, काळं पडलेलं किंवा बुरशी धरलेलं चालत नाही. तेवढा भाग कापून बाकीचं वापरण्याचा मोहही नको.

शिकायला अननस आणि प्लम ही दोन फळं मला चांगली वाटतात. अननसात आंबटपणा पुरेसा असतो आणि वास टिकून राहतो. प्लमच्या सालीतून रंग आणि तुरटपणा दोन्ही उतरतात. सफरचंदाची वाइन सौम्य होते, तिला थोडा आंबटपणा वरून द्यावा लागतो. स्ट्रॉबेरीचा वास सुरेख येतो पण रंग महिन्यांगणिक फिका होत जातो; ते तिच्या स्वभावातच आहे, तुमची चूक नाही. संत्र्या-मोसंब्याची सालीखालची पांढरी पापडी एकूण एक काढायला हवी, नाहीतर कडवटपणा कायमचा बसतो. केळ्यासारखी फळं एकटी फारशी बोलत नाहीत, पण पातळ लागणाऱ्या वाइनला अंग देतात. आंब्या-पेरूसारखी गराची फळं चवीला छान, मात्र त्यांतलं पेक्टिन, म्हणजे रसाला जेलीसारखा घट्टपणा देणारा घटक, वाइन निवळू देत नाही. ती दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला घ्या.

प्लम, चेरी, जर्दाळू यांच्या बिया काढूनच टाका. त्या फुटल्या तर त्यांतल्या घटकांपासून सायनाइड तयार होतं. फळ मिक्सरमधून काढणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

आणि एक. तयार रस वापरणार असाल तर डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. त्यात सॉर्बेट किंवा बेन्झोएट हे रस टिकवणारे पदार्थ असतील तर यीस्ट वाढणार नाही. आठवडाभर वाट पाहून मग ‘यीस्ट खराब होतं’ असं म्हणणाऱ्यांपैकी अनेकांचा रस असा असतो.

५ लिटरचं प्रमाण सांगा.

दीड किलो साफ केलेलं फळ, ९०० ग्रॅम साखर आणि सगळं मिळून ५ लिटर होईल इतकं पाणी. त्यात यीस्टचं पोषक पाकिटावर लिहिलेल्या मापाने, पेक्टिन तोडणारं एन्झाइम, फळ गोडसर असेल तर चमचाभर सायट्रिक आम्ल, आणि फळाला स्वतःचा तुरटपणा नसेल तर कपभर कडक कोरा चहा. वाइनसाठीच्या यीस्टची ५ ग्रॅमची एक पुडी याला पुरून उरते.

साखर थेट ओतू नका. थोड्या पाण्यात उकळून पाक करा आणि तो पूर्ण थंड झाल्यावर घाला. कोरडी साखर तळाशी बसते, साखर मोजायचा हायड्रोमीटर चुकीचा आकडा दाखवतो आणि पुढचे सगळे हिशेब त्या चुकीवर चालतात.

यीस्टचं पोषक बऱ्याच पाककृती गाळून टाकतात. द्राक्षात यीस्टला लागणारा नायट्रोजन बऱ्यापैकी असतो. इतर बहुतेक फळांत, आणि त्यात पुन्हा पाणी घातल्यावर, तो कमी पडतो. उपाशी यीस्ट सडक्या अंड्याचा वास सोडतं.

हायड्रोमीटर लागतोच का?

लागतो. एकच उपकरण घ्यायचं असेल तर हे घ्या. काचेची ही कांडी साखरेच्या पाण्यात वर तरंगते आणि साखर संपत जाईल तशी खाली बुडत जाते. साध्या पाण्यात आकडा १.००० असतो. वाइनसाठी सुरुवात १.०८० ते १.०९५ च्या आसपास असावी. अल्कोहोल पाण्याहून हलकं असल्यामुळे पूर्ण आंबलेली वाइन १.००० च्याही खाली, ०.९९० ते ०.९९८ पर्यंत उतरते.

सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करायचा आणि १३१ ने गुणायचं. समजा १.०९० वरून ०.९९६ वर आली, तर फरक ०.०९४ आणि अल्कोहोल १२ टक्क्यांच्या थोडं वर. कांडी टाकल्यावर तिला बोटांनी हलकी गिरकी द्या, म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतात. ते तसेच राहिले तर कांडी वर उचलली जाते आणि साखर आहे त्याहून जास्त वाटते.

बेकरीचं यीस्ट चालेल?

आंबेल, पण वाइनचं यीस्ट घ्या. बेकरीचं यीस्ट पीठ फुगवण्यासाठी निवडलेलं असतं. जास्त अल्कोहोलमध्ये ते लवकर दमतं, तळाशी घट्ट बसत नाही आणि पावाचा वास मागे ठेवतं. वाइनच्या यीस्टचा साका खाली असा दाबून बसतो की वरची वाइन सहज निथळून घेता येते.

पुडी थेट भुरभुरण्यापेक्षा ३५ ते ४० अंश सेल्सियसच्या, म्हणजे हाताला कोमट लागणाऱ्या अर्ध्या वाटी पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा. वर फेस धरला की ते जिवंत आहे.

सल्फाइट घालावं का? त्याची भीती वाटते.

पोटॅशियम मेटाबायसल्फाइट फळावरचे जंगली यीस्ट आणि जिवाणू दाबून ठेवतं आणि वाइन काळवंडू देत नाही. कॅम्पडेन नावाने मिळणारी एक गोळी ५ लिटरला पुरते. त्यातून लिटरमागे साधारण ५० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड होतं. गोळी चुरून घाला, भांडं कापडाने झाका, २४ तास थांबा आणि मगच यीस्ट घाला. लगेच घातलंत तर यीस्टही दबेल. एन्झाइम या दोहोंच्या मध्ये, बारा तासांनी.

दमा असलेल्यांना किंवा सल्फाइट न सोसणाऱ्यांना ते टाळायला हवं. त्यांनी फळावर उकळतं पाणी ओतून सुरुवात करावी. काही फळांना त्यामुळे थोडी शिजल्याची चव येते आणि पेक्टिनही जास्त सुटतं, पण मार्ग आहे.

पहिला आठवडा रोज काय करायचं?

पहिला टप्पा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकच्या झाकणाच्या बादलीत किंवा रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत होतो. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम नको. आम्ल त्यांना खातं. स्टेनलेस स्टील चालतं. जुनी झिलईची मातीची भांडी नकोत, झिलईत शिसं असू शकतं. भांडं तीन चतुर्थांशच भरा.

दुसऱ्या दिवशी कान जवळ नेलात तर पावसाची बारीक रिपरिप ऐकू येईल. वायू चोथ्याला वर ढकलतो आणि त्याचा जाड थर तरंगू लागतो. हा थर दिवसातून दोनदा स्वच्छ, लांब दांड्याच्या चमच्याने खाली दाबायचा. तो वर कोरडा राहिला तर आधी त्यावर बुरशी धरते, मग चिलटं बसतात, आणि चिलटांच्या पायांबरोबर व्हिनेगरचे जिवाणू येतात. चमचा दाबला की थर फाटतो, खालून गुलाबी फेस उसळतो आणि खोलीभर फळाचा वास सुटतो. मला या सगळ्या कामातली हीच दोन मिनिटं सगळ्यात आवडतात.

खोली १८ ते २४ अंशांत राहिली तर उत्तम. ३० च्या वर यीस्ट घाईने काम करतं, फळाचा वास उडून जातो आणि घशाला लागणारी चव येते. उन्हाळ्यात भांडं पाण्याच्या परातीत ठेवून वर ओलं कापड गुंडाळा, दोन-चार अंश सहज उतरतात.

पाच ते सात दिवसांनी चोथा गाळा. पिळू मात्र नका, गर उतरून वाइन धूसर होते. गाळलेला रस अरुंद तोंडाच्या मोठ्या बरणीत भरून एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी पाण्याची झडप) लावा.

एअरलॉकचे बुडबुडे थांबले. झाली का?

बुडबुड्यांवर भरवसा नको. थंडी पडली, रबरी बूच सैल बसलं, तरी ते थांबतात. हायड्रोमीटर १.००० च्या खाली असेल आणि एका आठवड्याच्या अंतराने घेतलेले दोन आकडे सारखे असतील, तर झाली. आकडा १.०२० वगैरेवर अडला असेल तर भांडं थोडं उबेला आणा, साका हलवून पुन्हा वर आणा आणि आठवडाभर थांबा. बऱ्याचदा एवढ्यानेच गाडी पुढे सरकते.

निथळायचं किती वेळा?

पहिल्यांदा तीन-चार आठवड्यांनी, मग दर दोन-तीन महिन्यांनी, साका पडायचा थांबेपर्यंत. नळीने, सावकाश, नळीचं टोक खालच्या बरणीच्या तळाशी बुडवून. वरून धार सोडलीत तर हवा मिसळते. दर वेळी बरणी गळ्यापर्यंत भरलेली हवी. मोकळी जागा उरली तर तशाच दुसऱ्या वाइनने भरा किंवा लहान बरणी घ्या.

वाइन धूसरच राहते.

आधी वाट पाहा. तीन महिन्यांनीही धूसर असेल तर ते बहुधा पेक्टिन असतं. चमचाभर वाइनमध्ये तीन-चार चमचे स्पिरिट घालून पाहा. धागे किंवा जेलीसारख्या गुठळ्या दिसल्या तर पेक्टिनच. मग एन्झाइम पुन्हा घाला. स्पिरिट घातलेला तो नमुना चाखू नका, ओतून द्या. पेक्टिन नसेल तर बेन्टोनाइट ही माती पाण्यात फुगवून घालतात. ती तरंगणारे कण धरून खाली बसते.

वास बिघडला आहे. फेकून देऊ?

सडक्या अंड्याचा वास असेल तर नको. आंबणं चालू असेल तर पोषक द्या, संपलं असेल तर एकदा निथळा. बहुतेक वेळा वास उडून जातो. व्हिनेगरचा वास असेल तर ती वाइन म्हणून परत येत नाही. तिला पूर्ण व्हिनेगर होऊ द्या, पण वाइनच्या भांड्यांपासून दूर. केसाळ, हिरवी-काळी बुरशी दिसली तर सगळं ओतून द्या; वरची साय काढून खालचं वाचवायला जाऊ नका.

यातलं बहुतेक सगळं स्वच्छतेने टळतं. धुणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं. आधी घासून मळ काढा, मग निर्जंतुक करा. मळाच्या थरावर कोणतंही रसायन काम करत नाही.

घरच्या वाइनमध्ये मिथेनॉल होऊन डोळे जातात, हे खरं?

फळातल्या पेक्टिनमुळे अगदी थोडं मिथेनॉल कोणत्याही फळाच्या वाइनमध्ये असतं, विकतच्याही. तेवढ्याने इजा होत नाही. मिथेनॉलच्या विषबाधा होतात त्या भेसळीच्या किंवा बेकायदा गाळलेल्या दारूने. नुसतं आंबवून झालेल्या वाइनचा हा धोका नाही.

वाइन गोड हवी आहे. भरताना साखर घालू?

इथे मी थांबवून सांगेन, कारण ही एकच चूक माणसाला जखमी करू शकते.

एका उन्हाळ्यात मी प्लमची वाइन भरताना प्रत्येक बाटलीत दोन चमचे साखर घातली. वाइन आरशासारखी निवळली होती, म्हणून यीस्ट संपलं असं मी धरून चाललो. पाच आठवड्यांनी दुपारी कपाटातून आवाज आला. दार उघडलं तेव्हा दोन बाटल्या नव्हत्या, आणि तिसरीच्या काचेचा पातळ तुकडा दाराच्या आतल्या बाजूला लाकडात रुतला होता, माझ्या छातीच्या उंचीवर. उरलेल्या बाटल्या मी जाड गोधडी टाकून, हातमोजे घालून, एकेक करून मोकळ्या केल्या.

निवळलेल्या वाइनमध्येही डोळ्यांना न दिसणारं यीस्ट असतं. लिटरमागे ४ ग्रॅम साखर बंद बाटलीत आंबली की सुमारे १ वातावरण, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाइतका, दाब वाढतो. दोन चमचे म्हणजे पाऊण लिटरला १० ग्रॅमच्या आसपास. तीन वातावरणांहून जास्त झाला. साधी वाइनची बाटली यासाठी बनवलेलीच नसते.

बरोबर पद्धत अशी. वाइन पूर्ण आंबवा, निवळू द्या, निथळा. मग सल्फाइट आणि लिटरमागे पाव ग्रॅम पोटॅशियम सॉर्बेट, दोन्ही घाला. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त त्याची वाढ थांबवतं, म्हणून आधी निथळणं आवश्यक. आणि सल्फाइटशिवाय एकटं सॉर्बेट घातलं तर काही जिवाणू त्यापासून जिरेनियमच्या पानांसारखा वास तयार करतात, तो जात नाही. त्यानंतर साखर घाला, एअरलॉकखाली दोन आठवडे ठेवा, हायड्रोमीटरचा आकडा हलत नाही हे पाहा. मगच भरा.

बाटल्या आणि बुचं कोणती?

७५० मिलिलिटरच्या वाइनच्याच, शक्यतो गडद काचेच्या. ५ लिटरच्या घाण्यातून साका आणि निथळण्यातली घट वजा जाता ६ बाटल्या मिळतात. बाटलीच्या गळ्याची आतली रुंदी साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास असते आणि त्यात २४ मिलिमीटरचं बूच दाबून बसवतात, त्यामुळे बूच बसवायचं यंत्र लागतंच. हातोडीने ठोकायला जाऊ नका, गळा तडकतो. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या वर्षभरासाठी पुरेशा चांगल्या आहेत.

बाटल्या आडव्याच का?

बूच आतून ओलं राहावं म्हणून. सुकलं की आकसतं आणि हवा आत जाते. बूच बसवल्यावर पहिले दोन-तीन दिवस बाटली उभी ठेवा, आत दाबलेली हवा निघून जाऊ द्या, मग आडवी करा. फिरकीच्या झाकणाला ही अट नाही.

घरात जागा कोणती निवडू?

अंधारी, गार, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तापमान फार न बदलणारी. १२-१३ अंश हा आदर्श आहे, पण तो नाही म्हणून काम अडत नाही. वर्षभर २२ वर स्थिर असलेली जागा रोज १५ ते ३० हेलकावे खाणाऱ्या जागेपेक्षा बरी. तापलं की वाइन फुगते आणि बूच ढकलते, गार झालं की आकसते आणि हवा ओढते. बाटली असा श्वास घेऊ लागली की ती लवकर म्हातारी होते.

मी एकाच घाण्याच्या सहा बाटल्यांपैकी तीन फ्रिजवर ठेवल्या होत्या आणि तीन जिन्याखाली, जमिनीलगत. आठ महिन्यांनी दोन ग्लासांत शेजारी शेजारी ओतल्या. जिन्याखालची गडद लाल होती. फ्रिजवरचीच्या कडेला विटेचा रंग चढला होता, वासात फळाऐवजी उकळलेल्या मुरंब्याची छटा होती, आणि तिन्ही बुचं दोन मिलिमीटर वर सरकून त्यांच्याभोवती चिकट कडं आलं होतं. फ्रिज उष्णता बाहेर टाकतो आणि दिवसभर थरथरतो.

जमिनीलगतची, आतल्या भिंतीची, खिडकीकडे तोंड नसलेली जागा शोधा. पश्चिमेच्या उन्हाची भिंत, गॅसजवळचं कपाट आणि पोटमाळा टाळा. रंगाचे डबे, रॉकेल, फिनेल यांच्या शेजारी नको. थर्मामीटर आठवडाभर तिथे ठेवून सकाळ-दुपार आकडे लिहा, मग ठरवा.

मांडणीची मापं काय घेऊ?

सरळ खांद्यांच्या बाटलीचा व्यास साडेसात सेंटिमीटर, लांबी ३० च्या आसपास. उतरत्या खांद्यांच्या बाटल्या ८ सेंटिमीटरपर्यंत किंवा थोड्या जास्त जाड असतात. भरलेली बाटली सव्वा ते दीड किलो. हे धरून दोन बाटल्यांच्या मध्यांत १० सेंटिमीटर आणि दोन ओळींत १३ सेंटिमीटर अंतर ठेवलं की हात सहज जातो.

प्रत्यक्ष बनवायची कशी?

मी जी बनवतो ती सहा बाटल्यांच्या चार ओळींची. एक ओळ म्हणजे एक घाणा. कोणती वाइन कुठे, हे शोधावं लागत नाही.

दोन सेंटिमीटर जाडीची, १४ रुंद आणि ६४ लांब फळी घ्या. तिच्या बरोबर मधून लांबीच्या दिशेने रेघ मारा. रेघेवर टोकापासून ७ सेंटिमीटरवर पहिली खूण, मग दर १० वर एक, अशा सहा खुणा. प्रत्येक खुणेवर ड्रिलला ८० मिलिमीटरचा होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) लावून आरपार गोल पाडा. निम्म्यापर्यंत एका बाजूने, मग फळी उलटून दुसऱ्या बाजूने, म्हणजे कड उचकटत नाही. आता रेघेवरून फळी उभी चिरा. गोलांचे दोन अर्धे होतात आणि हातात दोन एकसारख्या खाचांच्या पट्ट्या येतात. खाचा एकेक कोरायला बसलात तर दिवस जातो, शिवाय दोन पट्ट्या जुळत नाहीत. या दोन्ही पट्ट्या बाटल्यांच्या पोटाखाली, दोन ओळींत जातात.

गळ्यांसाठी असंच, पण ९ सेंटिमीटर रुंद फळी आणि ३८ मिलिमीटरचे गोल, त्याच अंतरांवर. चार ओळींसाठी दोन रुंद आणि दोन अरुंद फळ्या पुरतात.

बाजूला १८ मिलिमीटर प्लायवुडचे, २५ सेंटिमीटर खोलीचे दोन उभे तुकडे. दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून एकदमच खुणा करा, नाहीतर ओळी तिरक्या होतात. पोटाची पट्टी आणि गळ्याची पट्टी यांच्या वरच्या कडा एकाच पातळीत बसवा. दोन पट्ट्यांमधलं अंतर माझ्याकडे १९ सेंटिमीटर येतं, पण तुमची बाटली ठेवून ते नक्की करा. गळ्याची पट्टी गळ्याच्या सरळ भागाखाली यायला हवी, खांद्याखाली नको. स्क्रूची भोकं आधी बारीक ड्रिलने पाडून घ्या, टोकाला लाकूड चिरतं. मागून एक तिरकी पट्टी मारा; तिच्याशिवाय सगळी चौकट हाताने ढकलली तरी समांतरभुज चौकोनासारखी कलते. गुण्या लावून कोन तपासा, पाणसळ ठेवून पाहा, मग भिंतीकडे न्या.

भिंतीला अडकवणं गरजेचं आहे?

हो. २४ बाटल्या म्हणजे तीस किलोंच्या वर, आणि मांडणी उथळ. वरच्या ओळीतली बाटली ओढताना मांडणी पुढे झुकते. वर दोन लोखंडी कोन लावून भिंतीत स्क्रू मारा. बाटल्या भरताना खालून वर, काढताना वरून खाली.

सुतारकाम अजिबात येत नाही.

बाटल्यांची जाड पुठ्ठ्याची खोकी, आतल्या कप्प्यांसकट, आडवी ठेवा. कोरड्या जागी दोन वर्षं सहज जातात. ११० मिलिमीटर व्यासाचा प्लास्टिकचा पाइप २८ सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापून चौकटीत रचला तरी छान काम होतं. कडा घासून घ्या. किंवा ६० सेंटिमीटरची चौरस पेटी करून तिच्यात दोन फळ्यांची फुली बसवा. चार त्रिकोणांत मिळून ४० बाटल्या मावतात. फुलीची अडचण एकच, तळातली बाटली हवी असली की वरच्या सगळ्या काढाव्या लागतात.

लाकडाला रंग किंवा पॉलिश?

केलंत तर पूर्ण सुकून वास जाईपर्यंत, निदान काही आठवडे, बाटल्या ठेवू नका. मी लाकूड कोरंच ठेवतो. क्लोरिनच्या ब्लीचने मात्र मांडणी कधीही पुसू नका. क्लोरिन, लाकूड आणि बुरशी एकत्र आली की ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास देणारं संयुग तयार होतं आणि ते बुचांत शिरतं. कोमट पाणी आणि सोडा पुरे.

बाटलीवर काय लिहू?

फळ, भरल्याची तारीख, सुरुवातीचा आणि शेवटचा हायड्रोमीटर आकडा. आडव्या बाटलीवरचं लेबल मांडणीत दिसत नाही, म्हणून गळ्यात दोऱ्याने कागदाची चिठ्ठी अडकवा. बाकीचं वहीत: फळ किती पिकलेलं होतं, खोली किती तापली, कधी निथळलं, त्या त्या वेळी चव कशी होती.

पहिली बाटली कधी उघडू?

भरल्यावर तीन महिन्यांनी एक, फक्त तपासायला. बूच बाहेर आलं नाही ना, बाटलीत फसफस नाही ना, वास सरळ आहे ना, हे पाहायचं आणि वहीत लिहायचं. दुसरी सहा महिन्यांनी, तिसरी वर्षाने. हलक्या फळांच्या वाइन, उदाहरणार्थ सफरचंद, एक-दोन वर्षांत संपवाव्यात. प्लमसारख्या तुरट, गडद वाइन तीन वर्षंही चढत्या असतात. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवून तीन-चार दिवसांत प्या. ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी ती मांडणीतून काढून उभी करून ठेवा, म्हणजे कुशीवर जमलेला साका तळाशी उतरेल आणि ग्लासात फक्त निवळ येईल.